५०३ च्या जागी २००: एका मेंटेनन्सच्या रात्रीचं प्रकरण

सकाळी सपोर्टकडे आलेल्या तक्रारींचा एकमेकींशी मेळ बसत नव्हता. काहींना साइट उघडल्यावर अजूनही "देखभालीचं काम सुरू आहे" हेच पान दिसत होतं, आणि शेजारी बसलेल्या माणसाला मात्र तीच साइट व्यवस्थित चालत होती. मोबाइल ॲप वापरणाऱ्यांना रात्री "काहीतरी चुकलं" एवढाच निरोप मिळाला होता. सगळ्यात चिडले होते ते सबस्क्रिप्शनवाले. रात्री नूतनीकरणाचे पैसे खात्यातून गेले आणि सकाळी अभ्यासक्रमाला कुलूप. मॉनिटरिंगच्या डॅशबोर्डवर मात्र जवळपास रात्रभर हिरवी पट्टी होती.

साइट ऑनलाइन अभ्यासक्रम विकणारी. रचना आजकाल सर्रास दिसते तशीच: सगळ्यात पुढे सीडीएन (पानांच्या प्रती वापरणाऱ्यांच्या जवळ साठवून देणारं जाळं), त्याच्यामागे लोड बॅलन्सर, म्हणजे मागण्या मागच्या सर्व्हरकडे वाटणारा, म्हणून एचएप्रॉक्सी, मग एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि शेवटी ॲप्लिकेशन व डेटाबेस. त्या रात्री डेटाबेसमधल्या एका मोठ्या टेबलची रचना बदलायची होती. अर्ध्या तासाचा अंदाज होता, काम तीन तास चाललं. ते मात्र नीट झालं आणि डेटा शाबूत होता. म्हणूनच सकाळच्या तक्रारींचा उगम कुणाला कळेना. माझ्याकडे हे प्रकरण आलं तेव्हा तीन तिकिटं उघडलेली होती: कॅशेचा (साठवून ठेवलेल्या प्रतींचा) बग, ॲपचा बग, पेमेंटचा बग. तिन्ही वेगवेगळ्या लोकांकडे, आणि तिघांचाही संशय डेटाबेसच्या बदलावर.

एनजिनएक्सचा ॲक्सेस लॉग उघडला तर वरवर पाहता त्यात काहीच गैर नव्हतं. प्रत्येक ओळीत कोण आलं, कधी आलं, काय मागितलं, मग स्टेटस कोड (मागणीचं काय झालं ते सांगणारा तीन आकडी क्रमांक, २०० म्हणजे सगळं ठीक) आणि त्याच्या पुढे किती बाइट पाठवले तो आकडा. कोडच्या रकान्यात तीन तास २००, २००, २००. नजर अडकली ती पुढच्या रकान्यावर. मुखपृष्ठाला ३९१८ बाइट. अभ्यासक्रमाच्या यादीला ३९१८. ॲपने मागितलेल्या जेसनला (ॲपला वाचता येईल अशा साच्यातली माहिती) ३९१८, रोबॉट्सच्या फाइलला (शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये ते सांगणारी) ३९१८, अस्तित्वातच नसलेल्या कुठल्याशा पत्त्यालाही ३९१८. मधूनमधून १६०४ दिसत होतं. जे क्लायंट जीझिपने दाबलेलं उत्तर घेतात त्यांच्यासाठी तोच मजकूर लहान होऊन गेला होता. म्हणजे तीन तासांत कुणी काहीही मागितलं तरी सर्व्हरने एकच फाइल दिली होती, मेंटेनन्सचं पान, आणि प्रत्येक वेळी वर "तुम्ही मागितलं ते हे घ्या" असं सांगितलं होतं.

स्टेटस कोडचा पहिला आकडा हा खरा निरोप असतो, बाकीचे दोन तपशील भरतात. २ ने सुरू झालं तर काम झालं. ३ असेल तर अजून एक पाऊल तुम्हाला टाकायचंय. ४ म्हणजे मागणीतच खोट आहे, तीच मागणी जशीच्या तशी पुन्हा पाठवून सहसा उपयोग नाही. ५ म्हणजे मागणी ठीक असेल, पण सर्व्हरला ती पुरी करता आली नाही. १ चा गट फक्त वाटेतल्या सूचनांसाठी. एचटीटीपीचं, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या नियमांचं, सध्याचं प्रमाण असलेल्या आरएफसी ९११० मध्ये, जून २०२२ ची ती, एक छान नियम आहे: क्लायंटला एखादा कोड ओळखीचा नसेल तर त्याने तो त्या गटातला पहिला कोड समजावा. अनोळखी ५९९ आला तर ५०० समजून वागायचं. एवढा भरवसा त्या पहिल्या आकड्यावर आहे. कोडमागे येणारं "नॉट फाउंड"सारखं वाक्य तर एचटीटीपी/२ ने काढूनच टाकलं, कारण त्यावर कुठलंच यंत्र विसंबत नव्हतं.

१९९१ च्या सुरुवातीच्या एचटीटीपीमध्ये कोड हा प्रकारच नव्हता. सर्व्हर एचटीएमएल पाठवायचा आणि जोडणी तोडायचा. पान सापडलं नाही तर "सापडलं नाही" असं लिहिलेलं एचटीएमएल पाठवायचा. वाचणारा माणूस असेल तोवर तेवढं पुरतं. ही साइट तीन तास त्याच काळात जाऊन आली होती, फरक इतकाच की या वेळी वाचणाऱ्यांमध्ये माणसं थोडी आणि यंत्रं फार होती.

एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे त्याने कसं वागायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये, गोष्ट एका ओळीची निघाली. मूळ बेत चांगला होता. सर्व्हरवर एक ठरावीक नावाची रिकामी फाइल ठेवली की एनजिनएक्स प्रत्येक मागणीला ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) देणार, आणि एरर-पेज या निर्देशामुळे ५०३ सोबत मेंटेनन्सचं देखणं पान जाणार. पण एरर-पेजच्या ओळीत ५०३ च्या पुढे "=२००" असं लिहिलेलं होतं. एनजिनएक्समध्ये याचा अर्थ सरळ आहे: पान दाखव आणि कोड बदलून २०० कर. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ती ओळ आणणाऱ्या बदलाचं कारणही नोंदलेलं होतं, मेंटेनन्सच्या वेळी मॉनिटरिंगचे अलार्म वाजू नयेत म्हणून. अपरात्री ठरवून केलेल्या कामासाठी फोन वाजत राहिला की माणूस वैतागतो, हे समजू शकतं. पण अलार्म गप्प करायची जागा मॉनिटरिंगमध्ये असते, तिथे मेंटेनन्सची वेळ नोंदवायची सोय असते. इथे एका क्लायंटला गप्प करायला सगळ्याच क्लायंटना खोटं सांगितलं गेलं होतं.

त्या खोट्यावर विश्वास ठेवून जो तो अगदी शहाण्यासारखा वागला, आणि घोळ झाला तो त्यामुळेच.

कॅशेचं तिकीट आधी. मेंटेनन्सचं पान स्थिर फाइल, आणि स्थिर फाइलींना १२ तासांची मुदत लावायची एक्स्पायर्सची ओळ कॉन्फिगमध्ये आधीपासून होती. एनजिनएक्सची ही ओळ २००, ३०१, ३०४ अशा निवडक कोडनाच लागू होते, ५०३ ला लागतच नाही. कोड खरा राहिला असता तर त्या पानाला मुदत चिकटलीच नसती. २०० झाल्यामुळे ती चिकटली, आणि अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पत्त्याखाली सीडीएनने व ब्राउझरने मेंटेनन्सचं पान १२ तासांसाठी जपून ठेवलं. रात्री ज्याने साइट उघडून पाहिली त्याला सकाळी जुनं पान, ज्याने पाहिली नव्हती त्याला नवं. सीडीएनचा कॅशे एका बटणाने रिकामा करता येतो. लोकांच्या ब्राउझरमधला करता येत नाही. मुदत संपण्याची वाट पाहायची आणि फोन करणाऱ्याला पान सक्तीने रिफ्रेश करायला सांगायचं, एवढंच हातात उरतं.

ॲपचं तिकीट तर केविलवाणं होतं. ॲप लिहिणाऱ्यांनी ५०३ साठी वेगळा पडदा तयार केला होता: देखभाल सुरू आहे, डाउनलोड केलेले धडे तोवर पाहता येतील. तो पडदा कधी उघडलाच नाही. २०० आला म्हणून ॲपने उत्तर जेसन समजून वाचायला घेतलं, पहिलंच अक्षर एचटीएमएलचं निघालं आणि त्याने हात टेकले.

शोधयंत्रांच्या बाबतीत नुकसान थोडक्यात आटोपलं. तीन तासांत क्रॉलरने (शोधयंत्रासाठी पानं गोळा करत फिरणारा प्रोग्रॅम) जी पानं उचलली ती सगळी शब्दशः सारखी होती, ती पुढच्या फेरीत सुधारली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी. रोबॉट्सच्या फाइललाही २०० देऊन एचटीएमएल पाठवलं गेलं होतं. गुगलचा क्रॉलर अशा फाइलमधल्या न कळणाऱ्या ओळी सोडून देतो, आणि नियमाची एकही ओळ उरली नाही तर कशालाच मनाई नाही असं धरतो. शिवाय वाचलेली ही फाइल तो साधारण २४ तासांपर्यंत जवळ ठेवतो. त्यामुळे साइट सुरू झाल्यावरही दिवसभर तो आतल्या शोधपानांमधून हिंडत होता, जिथे एरवी त्याला बंदी असे.

आता पेमेंट. या साइटचं सबस्क्रिप्शन आपोआप नूतनीकरण होणारं. पेमेंट गेटवे ठरलेल्या तारखेला पैसे घेतो आणि साइटला वेबहुक पाठवतो, म्हणजे साइटच्या एका ठरावीक पत्त्यावर पोस्टची, म्हणजे सोबत माहिती पाठवण्याच्या पद्धतीची, मागणी करून कळवतो की अमक्याचे पैसे आले. साइट ते नोंदवून सबस्क्रिप्शनची तारीख पुढे ढकलते. गेटवे हे काम बहुतेक रात्रीच उरकतो. मेंटेनन्सही रात्रीच होतं.

इथे एक शंका कुणाही जाणकाराला येईल, मलाही आली. एनजिनएक्स स्थिर फाइलवर पोस्टची मागणी आली तर ४०५ देतो, म्हणजे ही पद्धत इथे चालत नाही. तसा ४०५ गेटवेला गेला असता तरी पुरे होतं, त्याने नंतर पुन्हा पाठवलं असतं. मग २०० कसा गेला? उत्तर एरर-पेजच्याच वागण्यात आहे. त्या एरर-पेजकडे आतल्या आत वळवताना एनजिनएक्स मागणीची पद्धत बदलून गेट, म्हणजे नुसतं पान मागण्याची, करतो. त्यामुळे पोस्टचा गेट झाला, गेटला स्थिर पान मिळालं, ५०३ चा २०० झाला. मागणीसोबत आलेला मजकूर, म्हणजे कुणाचे पैसे आले ती खरी माहिती, कुणीही न वाचता गेला. गेटवेने त्याच्या बाजूला "पोहोचलं" अशी नोंद केली आणि विषय संपवला. दारावरच्या माणसाने रजिस्टर पत्र सही करून घ्यावं आणि घरात न देता केराच्या टोपलीत टाकावं, तसलाच हा व्यवहार. पाठवणाऱ्याकडे पोचपावती आहे, तो दुसऱ्यांदा कशाला येईल?

लॉगमध्ये याच्या नेमका उलटा पुरावाही सापडला. मेंटेनन्सची फाइल ठेवायच्या आधी कुणीतरी घाईने ॲप्लिकेशन बंद केलं होतं, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटं एनजिनएक्सला मागे कुणीच सापडत नव्हतं. त्या मिनिटांत त्याने ५०२ दिला: मी मध्यस्थ आहे, मागच्याकडून मला धड उत्तर मिळालं नाही. (मागचा जोडला गेला पण वेळेत बोललाच नाही, तर ५०४ असतो. एनजिनएक्समध्ये ती वाट पाहण्याची मुदत मुळात ६० सेकंद.) त्या काही मिनिटांत आलेले सगळे वेबहुक गेटवेने काही तासांनी, साइट सुरू झाल्यावर पुन्हा पाठवले, आणि ते एकेक करून बिनबोभाट नोंदले गेले. म्हणजे जी मिनिटं टीमच्या लेखी गलथानपणाची होती, त्यांतलं एकही पेमेंट हरवलं नाही. हरवली ती सगळी नीटनेटक्या पानाच्या तीन तासांतली.

सकाळी त्या लोकांना ॲप्लिकेशन ४०३ देत होतं, मुदत संपलेल्या सबस्क्रिप्शनसाठी, आणि त्याच्या माहितीप्रमाणे ते बरोबरच होतं. ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते पटवा, ४०३ म्हणजे तुम्ही कोण ते कळलं तरी परवानगी नाही. बैठकीत एकाने सुचवलं की पैसे न भरलेल्यांना ४०२ द्यावा, नावच "पेमेंट रिक्वायर्ड" आहे. मोह होण्यासारखा कोड आहे खरा. पण प्रमाणात तो इतकी वर्षं "पुढच्या वापरासाठी राखीव" असाच पडून आहे. तो मिळाल्यावर क्लायंटने काय करायचं हे तिथे ठरलेलं नाही. ४०३ राहू दिला.

हरवलेले वेबहुक परत मिळवायला लॉग निम्माच कामाचा. त्यात पोस्टच्या ओळी होत्या, वेळा होत्या, पण मजकूर नव्हता. म्हणून उलट्या दिशेने जावं लागलं. गेटवेच्या एपीआयकडून (प्रोग्रॅमला थेट माहिती मागता येते ती सोय) त्या तीन तासांतल्या यशस्वी पेमेंटची यादी मागवली, प्रत्येकाचा व्यवहार क्रमांक साइटच्या नोंदींशी ताडून पाहिला, आणि जे नव्हते ते वेबहुक आल्यासारखेच ॲप्लिकेशनमधून चालवले. वेबहुक हाताळणारा कोड व्यवहार क्रमांक आधी नोंदलाय का हे तपासत होता, म्हणून एखादं पेमेंट दोनदा चाललं तरी तारीख दोनदा पुढे गेली नसती. ही तपासणी नसती तर त्या दिवशी कुणीही एवढ्या निर्धास्तपणे यादी चालवली नसती. शेवटी यादीतल्या नोंदी आणि लॉगमधल्या वेबहुकच्या ओळी जुळवून पाहिल्या. पुन्हा नव्याने पाठवलेले वगळल्यावर हिशेब जुळला.

दुरुस्ती म्हणजे "=२००" खोडणे, असं सगळ्यांना वाटलं. तेवढं खोडून चाचणी सर्व्हरवर कर्लने, म्हणजे मागणी पाठवून कच्चं उत्तर दाखवणाऱ्या साधनाने, पाहिलं. कोड ५०३ आला, पण रिट्राय-आफ्टर हे हेडर आलं नाही. हे हेडर म्हणजे किती सेकंदांनी किंवा कोणत्या वेळेनंतर परत यावं ते क्लायंटला सांगणं. ब्राउझर त्याकडे ढुंकून बघत नाहीत, पण क्रॉलर आणि नीट लिहिलेली क्लायंट लायब्ररी बघतात. कॉन्फिगमध्ये ओळ होती, उत्तरात हेडर नव्हतं. हेडर जोडणाऱ्या ॲड-हेडर या निर्देशालाही एक्स्पायर्ससारखीच निवडक कोडची यादी आहे आणि ५०३ त्यात बसत नाही. ओळीच्या शेवटी "ऑल्वेज" हा शब्द जोडल्याशिवाय ५०३ सारख्या एररच्या कोडसोबत हेडर जात नाही. तो जोडला, सोबत कॅश-कंट्रोल या हेडरमध्ये नो-स्टोअर, म्हणजे हे उत्तर साठवू नका, असं टाकलं. रोबॉट्सची फाइल या सगळ्या नियमातून बाहेर काढली, ती मेंटेनन्समध्येही नेहमीसारखीच मिळते.

पुढच्या ठरलेल्या मेंटेनन्सला मुख्य सर्व्हरवर फाइल ठेवली. पान उघडून पाहणाऱ्याने ठीक आहे म्हणून कळवलं, आणि काही सेकंदांत ते देखणं पान जाऊन पांढऱ्या पडद्यावर एका ओळीचा उघडा ५०३ आला. हेडरही गेलं. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये तर त्या क्षणापासून बाहेरची मागणीच नाही. हा ५०३ दुसऱ्याच कुणाचा तरी होता. एचएप्रॉक्सीच्या लॉगमध्ये, जिथे एरवी मागच्या सर्व्हरचं नाव असतं, तिथे "नोसर्व्ह" लिहिलेलं दिसलं, म्हणजे मागणी पाठवायला सर्व्हरच नाही. एचएप्रॉक्सी एनजिनएक्सची तब्येत एका ठरावीक पत्त्यावर मागणी करून तपासत होता. २ किंवा ३ ने सुरू होणारा कोड आला तर सर्व्हर जिवंत. मुळातल्या मांडणीत दर २ सेकंदांनी तपासणी आणि सलग ३ वेळा नापास झाला की सर्व्हर बाद. तो पत्ताही मेंटेनन्सच्या कक्षेत होता. खरं बोलणाऱ्या एनजिनएक्सला एचएप्रॉक्सीने मेलेला समजून रांगेतून काढलं. खोटा २०० होता तेव्हा हा दोष झाकला गेला होता.

तब्येत तपासणीचा पत्ता मेंटेनन्सच्या नियमातून वगळला. एनजिनएक्स चालू आहे का एवढंच तो आता सांगतो, आणि तेवढंच एचएप्रॉक्सीला हवं असतं. मॉनिटरिंगमध्ये मेंटेनन्सची वेळ नोंदवायला सुरुवात झाली, आणि तपासणीत कोडसोबत मुखपृष्ठावरचा एक ठरावीक शब्दही शोधायला लावला, म्हणजे पुन्हा कधी भलतंच पान २०० घेऊन आलं तर पट्टी हिरवी राहणार नाही.

वेबहुकवर मात्र टीममध्ये वाद राहिला. एका बाजूचं म्हणणं, ५०३ दिला की गेटवे पुन्हा पाठवतोच, मग आणखी काही कशाला बांधायचं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, किती वेळा आणि किती तास पाठवायचं हे गेटवेच्या मर्जीवर, आपलं काम कधी लांबलं तर? मला दुसरी बाजू पटली. शेवटी वेबहुकसाठी ॲप्लिकेशनपासून वेगळी, एक अगदी लहानशी सेवा ठेवली गेली. ती आलेला मजकूर आधी डिस्कवर लिहिते, लिहिणं पुरं झाल्यावरच २०२ देते, आणि लिहिता आलं नाही तर ५०३. २०२ चा अर्थ प्रमाणात "स्वीकारलं, काम अजून व्हायचंय" असाच आहे. गेटवेला मात्र २ ने सुरू होणारं काहीही चालतं. मुख्य साइट मेंटेनन्समध्ये असताना ही सेवा चालूच राहते, आणि साठलेला मजकूर साइट उठल्यावर ॲप्लिकेशन आपल्या सवडीने उचलतं.